स्वस्थ बसणें आणि स्वस्थ होणें

संस्कृतांतून मराठींत येतांना कांहीं शब्दांनीं वाटेंतच आपला अर्थ बदलला आहे. 'स्वस्थ' हा त्यांपैकीं एक. संस्कृतांत स्वस्थ म्हणजे जो आपल्या मूळ स्थितींत आहे तो, अर्थात् निरोगी. सुश्रुतसंहितेंत स्वस्थ मनुष्याचें जें लक्षण दिलें आहे त्यांत दोष, अग्नि व धातु यांच्या समतेचा आणि आत्मा, इंद्रियें व मन यांच्या प्रसन्नतेचा निर्देश आहे. निश्चल पडून राहण्याचा नाहीं. मराठींत मात्र आपण खोडकर मुलास 'स्वस्थ बैस' म्हणतों आणि आजारी मनुष्यास 'स्वस्थ पडून रहा' म्हणतों. एका भाषेंत जो शब्द आरोग्याचा, तोच दुसरींत हालचाल थांबविण्याचा झाला. शाळेंत संस्कृत शिकवितांना हा भेद मीं पुष्कळ वर्षें फळ्यावर लिहून दाखविला. त्या वेळीं तो एका गुणाच्या प्रश्नाचा विषय होता. पुढें २०२३ सालीं आमच्या घरांत एक मोठें दुखणें निस्तरावें लागलें, तेव्हां याच भेदावर एका माणसाचें चालणेंफिरणें अवलंबून आहे असें दिसून आलें. ती हकीकत आणि तिच्या अनुषंगानें जमविलेली थोडी माहिती वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. कारण गुडघा किंवा खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया आतां इतकी सर्रास झाली आहे कीं, बहुतेक मोठ्या कुटुंबांत तिचा प्रसंग आज ना उद्यां येणारच.

आमचें कुटुंब एकत्र आहे. थोरले बंधु व वहिनी, मी व सौ., माझा मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडें अशीं आठ माणसें एका जुन्या घरांत राहतों. १९९९ सालीं वहिनींच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. त्या पुरे पंधरा दिवस रुग्णालयांत होत्या. त्यांना तिसऱ्या दिवशीं उभें केलें होतें खरें, पण टांके निघेपर्यंत घरीं सोडलें नाहीं. सकाळसंध्याकाळ डबा पोंचविणें, रात्रीं कोणीतरी सोबतीस निजणें, येणाऱ्याजाणाऱ्यांनीं मोसंबीं आणणें, हें सारें यथासांग झालें. आणि वहिनी घरीं आल्या त्या काठी टेकीत, पण चालत आल्या. २०२३ च्या कार्तिकांत सौ.च्या डाव्या गुडघ्याचा सांधा बदलला. शस्त्रक्रिया सोमवारीं झाली, मंगळवारीं सकाळीं तिला वॉकरच्या आधारानें चार पावलें चालविलें, आणि गुरुवारीं दुपारीं डॉक्टर म्हणाले, "आतां घरीं न्या."

घरांत प्रथम सर्वांस आश्चर्य वाटलें व नंतर संशय आला. वहिनी म्हणाल्या, "टांके आंत असतांना घरीं? आमच्या वेळेस खाटेवरून खालीं पाय ठेवायचा तर दोन परिचारिका धांवत यायच्या." थोरल्या बंधूंचें मत पडलें कीं, खाटेचें भाडें परवडत नाहीं म्हणून रुग्णास लवकर घालवून देतात. समाचारास आलेल्या आप्तांनींही याच दोन मतांचा निरनिराळ्या शब्दांत पुनरुच्चार केला. ही शंका पुष्कळ घरांत ऐकूं येते, म्हणून तिचें उत्तर थोडें मागें जाऊन पाहूं.

झिजलेला सांधा काढून तेथें कृत्रिम सांधा बसवावा ही कल्पना बरीच जुनी आहे. जर्मनींत बर्लिन येथें थेमिस्टोक्लिस ग्लुक या शस्त्रवैद्यानें १८९० च्या सुमारास हस्तिदंताचा सांधा करून गुडघ्यांत बसविला होता. परंतु जंतुदोषामुळें ते प्रयोग टिकले नाहींत. खुब्याच्या सांध्यास खरें यश आलें तें इंग्लंडांत लँकेशायरमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयांत, जॉन चार्न्ले यांच्या हातून. त्यांनीं आरंभीं खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली. ती थोड्याच वर्षांत झिजूं लागली व ज्यांना ती बसविली होती त्यांच्यावर पुन्हां शस्त्रक्रिया करण्याची पाळी आली. टेफ्लॉनचा शरीरावर काय परिणाम होतो हें पाहण्यासाठीं चार्न्ले यांनीं त्याचे तुकडे स्वतःच्या मांडींत बसवून घेतले होते. नोव्हेंबर १९६२ मध्यें त्यांनीं धातूचा गोळा व पॉलिएथिलीनची वाटी अशी जोडी वापरण्यास प्रारंभ केला. आजच्या बहुतेक कृत्रिम खुब्यांचें मूळ त्या जोडींत आहे.

गुडघ्याचें काम अधिक किचकट. कारण गुडघा दाराच्या बिजागरीसारखा नुसता उघडत मिटत नाहीं, तर वांकतां वांकतां किंचित् सरकतो व फिरतोही. १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क येथें जॉन इन्सॉल, पीटर वॉकर व चित्तरंजन राणावत यांनीं मिळून जो कृत्रिम गुडघा सिद्ध केला, त्याच्या आधारानें पुढील बरेच प्रकार निघाले. यांपैकीं राणावत हे मूळचे भारतांतले. पंतप्रधान असतांना अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे बदलण्यांत आले. डावा ऑक्टोबर २००० मध्यें आणि उजवा जून २००१ मध्यें, मुंबईस ब्रीच कँडी रुग्णालयांत. तें काम राणावत यांनींच केलें. 'गुडघा बदलला' हे शब्द आपल्याकडे घरोघर पोंचले ते त्या वेळेपासून, असें माझें स्मरण आहे. पुढें ऑगस्ट २०१७ मध्यें सरकारनें गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किंमतींस मर्यादा घातली. तेव्हां सर्वांत प्रचारांतला, कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचा सांधा ५४,७२० रुपयांस ठरला. मध्यम स्थितींतील कुटुंबेंही मग या शस्त्रक्रियेचा विचार करूं लागलीं.

सांधा सुधारला, पण रुग्णास खाटेवर ठेवण्याची रीत पुष्कळ काळ जुनीच राहिली. आरंभींच्या काळांत खुबा बदललेल्या रुग्णास आठवडेच्या आठवडे पडून रहावें लागे. बिछान्यांतील विश्रांति हेंच सर्व दुखण्यांवर निरुपद्रवी औषध, अशी समजूत वैद्यांतही होती. लंडनचे रिचर्ड ॲशर या वैद्यांनीं १९४७ सालींच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें लेख लिहून बिछान्यांत पडून राहण्यापासून कोणकोणते अपाय होतात हें एकेका इंद्रियाच्या अनुरोधानें सांगितलें होतें. त्यांतील मुख्य अपाय समजण्यास सोपा आहे. पायांतील रक्त वर हृदयाकडे चढण्यास पोटरीचे स्नायु मदत करतात. पाय हलला कीं ते रक्तवाहिनी दाबून रक्त वर लोटतात. माणूस निश्चल पडला कीं हें काम मंदावतें, रक्त साकळतें आणि त्याची गुठळी होते. ती गुठळी सुटून फुप्फुसांत गेली तर प्राणावर बेततें. शिवाय मांडीचे स्नायु थोड्याच दिवसांत रोडावतात, छातींत कफ सांठतो, पाठीस व टांचेस शय्याव्रण होतात आणि सांधा आंखडतो. 'स्वस्थ पडण्या'नें असा मनुष्य अस्वस्थ होतो.

रुग्णालयांतील दिवस कमी होण्यास खरें कारण झालें तें डेन्मार्कमधील शस्त्रवैद्य हेन्रिक केलेट यांचें विवेचन. आंतड्यांच्या शस्त्रक्रिया करीत असतां त्यांनीं एक साधा प्रश्न धरून ठेविला : शस्त्रक्रिया नीट झाली असतांही हा रुग्ण आज येथें कां आहे? त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९९७ सालचा. वेदना एकाच जबर औषधानें न दाबतां निरनिराळ्या मार्गांनीं थोडी थोडी कमी करणें, शक्य तेथें कमरेखालचा भागच बधिर करणें, नळ्या लवकर काढणें, खाणेंपिणें लवकर सुरू करणें, त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं उभें करणें, आणि या सर्वांच्या आधीं रुग्णास व त्याच्या घरच्या माणसांस बोलावून काय होणार आहे तें समजावून सांगणें, अशीं या पद्धतीचीं अंगें आहेत. खुबा व गुडघा यांच्या शस्त्रक्रियांत तीं आणल्यावर डेन्मार्कमध्यें २००० सालच्या सुमारास रुग्ण जेथें सरासरी दहाअकरा दिवस रुग्णालयांत रहात, तेथें २००९ पर्यंत ही सरासरी सुमारें चार दिवसांवर आली. मग तेथील वैद्यांनीं या थोड्या दिवसांचीही झडती घेतली. उरलेले रुग्ण अजून येथें कां, याचीं उत्तरें मुख्यतः तीन मिळालीं : वेदना, घेरी आणि अशक्तपणा.

घरीं सोडण्याची कसोटीही या पद्धतींत बदलली. पूर्वी इतके दिवस भरले म्हणजे सोडावयाचें असा रिवाज होता. आतां रुग्ण आपला आपण खाटेवरून उठतो काय, वॉकर घेऊन शौचकूपापर्यंत जाऊन येतो काय, त्याची वेदना पोटांतल्या गोळ्यांनीं आटोक्यांत राहते काय, तो जेवतो काय, हें पाहतात. शाळेंत मुलगा किती दिवस हजर होता यावर वरच्या वर्गांत न घालतां त्याला काय येतें तें पाहून घालावें, तशीच ही गोष्ट. सौ.ची ही परीक्षा बुधवारीं झाली व त्यांत ती उत्तीर्ण झाली होती. तेव्हां तिला घालवून दिलें असें म्हणण्यास जागा नव्हती, हें मीं थोरल्या बंधूंस सांगितलें व त्यांनाही तें पटलें.

परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. रुग्णालयांतील मुक्काम पंधरा दिवसांवरून चार दिवसांवर आला म्हणून शरीर बरें होण्याचा काळ काहीं त्या प्रमाणांत आंखूड झालेला नाहीं. कातडी जुळून टांके काढण्यास दहा ते चौदा दिवस लागतात ते लागतातच. वॉकर सुटून काठी हातीं येण्यास कोणास दोन आठवडे, कोणास चार. घरांतलीं साधीं कामें निर्धास्तपणें करण्यास सुमारें सहा आठवडे ते तीन महिने. पायाची सूज व सांध्यांतील ऊब कित्येक महिने राहते, आणि सुधारणा वर्षभर हळूहळू होत असते. खुब्याचा रुग्ण सामान्यतः गुडघ्याच्या रुग्णापेक्षां लवकर सावरतो. हे सर्व दिवस पूर्वीही होते. फरक इतकाच कीं, त्यांतले पहिले दहाबारा पूर्वी परिचारिकांच्या देखरेखीखालीं जात, ते आतां घरच्या माणसांच्या हातीं आले. रुग्णालयानें पाठ दिला. अभ्यास घरीं करावयाचा.

'अभ्यास' या शब्दाचाही येथें आठव होतो. पाणिनीच्या व्याकरणांत धातूचें द्वित्व झालें असतां त्यांतील पहिल्या अवयवास अभ्यास म्हणतात. 'ददाति' यांतील पहिला 'द' हा अभ्यास. म्हणजे पुन्हां पुन्हां होणें हेंच त्या शब्दाचें मर्म. सौ.स घरीं येतांना जो कागद मिळाला त्यावर असाच अभ्यास लिहिलेला होता. घोटे वरखालीं करणें, मांडीचा स्नायु आंवळून गुडघा खाटेवर दाबणें, पाय सरळ ठेवून उचलणें, टांच बिछान्यावरून घसरत जवळ आणून गुडघा वांकविणें. प्रत्येक प्रकार दहा वेळां, दिवसांतून तीन वेळां. आणि दर दोनएक तासांनीं उठून घरांत फेरी.

कागदावर हें सरळ दिसतें. घरांत तें तसें घडत नाहीं, आणि त्यास आड येतें तें घरच्यांचें प्रेम. पहिल्या आठवड्यांतील आमचें घर वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. सौ.ची खाट माडीवरून माजघरांत आणलेली. तिनें मान वळविली कीं वहिनी पाण्याचें भांडें पुढें करीत. तिनें वॉकरकडे हात नेला कीं सूनबाई स्वयंपाकघरांतून म्हणे, "आई, तुम्ही उठूं नका, काय हवें तें सांगा, मी आणतें." धाकट्या नातवानें आपली मऊ उशी आणून आजीच्या गुडघ्याखालीं दिली, त्यामुळें तिला फार बरें वाटलें. फिजिओथेरपिस्ट बाई आल्या त्यांनीं प्रथम तीच उशी काढली. "बाळ, उशी टांचेखालीं द्यायची," त्या म्हणाल्या. "गुडघ्याखालीं दिली तर आजीचा गुडघा वांकडाच राहील, पुरता सरळ व्हायचा नाहीं." मुलगा हिरमुसला. जें सुखाचें तें घातक आणि जें दुखतें तें हिताचें, ही गोष्ट सात वर्षांच्या मुलास समजण्यास कठीणच. आमच्या घरांत ती साठी उलटलेल्यांसही जड गेली.

बाराव्या दिवशीं टांके काढते वेळीं गुडघ्याचा कोन मोजला, तो पासष्ट अंशांचा भरला. जिना उतरण्यास व खुर्चीवरून सहज उठण्यास सुमारें नव्वद अंश लागतात. डॉक्टरांनीं शांतपणें सांगितलें कीं, आंत जखम भरतांना जी कातडीसारखी चिवट गुंतागुंत होते ती एकदां पक्की झाली म्हणजे व्यायामानें सुटत नाहीं; सहा आठवड्यांपर्यंत नव्वद अंश न झाल्यास भूल देऊन गुडघा जोरानें वांकवावा लागेल. परततांना गाडींत सौ. कांहींच बोलली नाहीं. घरीं आल्यावर एवढेंच म्हणाली, "पुन्हां त्या खोलींत नको."

दुसऱ्या दिवशीं फिजिओथेरपिस्ट बाईंनीं सर्वांस एकत्र बसवून सांगितलें, "डॉक्टरांनीं सांधा बसविला आहे, पण वांकवायचा तो काकूंनाच. तुम्ही त्यांना पाणी देतां तेव्हां त्यांची एक फेरी चुकवितां." हें वाक्य वहिनींच्या मनास फार लागलें. घरांत सेवा कोणीं अधिक केली असेल तर ती त्यांनीं. आणि जिची सेवा करावी तिचें त्यांत नुकसान व्हावें, हें त्यांस सहन होईना. दोन दिवस त्या गप्पच होत्या. तिसऱ्या दिवशीं पाहतों तों सौ.च्या उशाशीं असलेला तांब्या उचलून त्यांनीं माजघराच्या दुसऱ्या टोकास, कोनाड्यांत नेऊन ठेवलेला.

सौ. म्हणाली, "जाऊबाई, एवढें पाणी द्या ना."

वहिनी कोनाड्याजवळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाणी इथें आहे. तूं ये. मी हललें नाहीं इथून."

सौ. उठली. वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला, अशीं सतराअठरा पावलें चालून ती कोनाड्यापाशीं गेली व पाणी प्याली. वहिनींच्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्यांनीं हात पुढें केला नाहीं. चोवीस वर्षांपूर्वीं स्वतःच्या खुब्याच्या वेळीं जें त्यांनीं रुग्णालयांत परिचारिकांकडून करवून घेतलें होतें, तें आतां त्या जावेकडून करवून घेत होत्या. त्या दिवसापासून आमच्या घरांत सेवेची रीत पालटली. व्यायामाच्या अर्धा तास आधीं वेदनाशामक गोळी कोणी द्यावयाची, बर्फाची पिशवी कोणी आणावयाची, संध्याकाळच्या फेरीस कोणी बरोबर चालावयाचें, याचें वेळापत्रक मीं शाळेच्या रीतीनें आंखून भिंतीस लाविलें. जिन्याचा नियम मोठ्या नातीनें पाठ करून घेतला : चढतांना चांगला पाय आधीं, उतरतांना दुखरा पाय आधीं. गुडघा वांकवितांना सौ. रडे, तेव्हां सूनबाई तिच्यापाशीं बसून मोठ्यानें अंक मोजी व दहा होईपर्यंत थांबत नसे. सहाव्या आठवड्यास कोन मोजला तो एकशें पांच भरला.

या प्रसंगानें एक विचार मनांत आला तो स्पष्टपणें मांडतों. आपल्या घरांतील बायकांना विश्रांति अशी फारशी कधीं मिळत नाहीं. गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळते ही गोष्ट वैद्यकांत सर्वमान्य आहे. ज्या गुडघ्यांनीं चाळीस वर्षें उकिडवें बसून घर सारवलें, धुणें धुतलें, पंगती वाढल्या, ते दुखूं लागले असतां त्यांना विश्रांति देण्याचें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. बायकाही बोलत नाहींत. दुखणें वर्षानुवर्षें अंगावर काढल्यानें मांडीचे स्नायु दुबळे होतात व शस्त्रक्रियेनंतर सावरण्यास अधिक वेळ लागतो. मग एकदां शस्त्रक्रिया झाली म्हणजे सर्व घर खडबडून जागें होतें आणि त्या स्त्रीस जन्मांत प्रथमच कोणी उठूं देत नाहीं. जी विश्रांति आधीं द्यावयाची ती आम्ही नंतर देऊं लागतों, आणि नेमकी ज्या पंधरवड्यांत ती नको असते त्या पंधरवड्यांत.

याचा अर्थ विश्रांति मुळींच नको असा नव्हे. फेरीनंतर पाय उंच ठेवून पडणें, रात्रीची झोंप, वेळेवर पौष्टिक जेवण, यांची गरज असतेच. पहिले कांहीं आठवडे रात्रीं झोंप मोडते व मन उदास होतें. तेव्हां कोणी शेजारीं बसून बोललें तर त्याचा मोठा उपयोग होतो. तसेंच कांहीं लक्षणें दिसल्यास घरगुती उपचार करीत न बसतां तात्काळ डॉक्टरांस कळवावें : पोटरी एकाएकीं सुजून दुखूं लागणें, जखमेंतून पू किंवा पाणी येणें, ताप व थंडी. दम लागला किंवा छातींत दुखलें तर एक क्षणही न दवडतां रुग्णालय गांठावें. रक्त गोठूं नये म्हणून दिलेलें औषध बरें वाटूं लागलें तरी सांगितलेल्या मुदतीपूर्वीं बंद करूं नये. खुब्याच्या रुग्णास विशेषतः पहिले कांहीं आठवडे बुटक्या आसनावर बसणें, पायावर पाय टाकणें व कंबरेंत फार वांकणें यांची बहुधा मनाई असते, नाहींतर सांधा निखळण्याचें भय असतें. ज्याची त्याची बंधनें ज्यानें त्यानें आपल्या डॉक्टरांपासूनच समजून घ्यावीं.

आपल्या राहणींतील एक अडचण परदेशच्या पुस्तकांत आढळत नाहीं. आपलें जेवण, पूजा, हळदीकुंकू, सारें जमिनीवर बसून. नव्या गुडघ्यानें मांडी घालणें किंवा उकिडवें बसणें पुष्कळांस पुढें जमत नाहीं, व जमलें तरी तें टाळावें असें बहुतेक डॉक्टर सांगतात. सौ.स याचें दुःख गुडघ्याच्या दुखण्याहून अधिक झालें. पाटावर बसून देवपूजा करण्याचा तिचा पंचेचाळीस वर्षांचा नेम. खुर्चीवर बसून केलेली पूजा देवास पोंचते काय, असें तिनें मला विचारलें. पतंजलीनें आसन स्थिर व सुखावह असावें एवढेंच सांगितलें आहे. तें जमिनीवरच असावें असें त्यानें म्हटलेलें नाहीं, असें मीं उत्तर दिलें. थोरल्या बंधूंनीं वादांत न पडतां सुतारास बोलावून देव्हारा कमरेइतक्या उंचीवर बसवून घेतला. आतां ती खुर्चीवर बसून पूजा करते. श्रावणी शुक्रवारच्या पंगतींत तिची खुर्ची एकटी दिसूं नये म्हणून वहिनी आपलीही खुर्ची तिच्या शेजारीं मांडतात.

आणखी एक हिशेब सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. रुग्णालयांतील जे दहाबारा दिवस वांचले ते कोणाच्या तरी खात्यावर पडलेच आहेत. बहुतेक घरांत तें खातें सुनेचें असतें. आमची सूनबाई बँकेंत नोकरीस आहे. तिनें पहिला आठवडा रजा घेतली. दुसरा आठवडा रजा घेण्याविषयीं ती बोलूं लागली तेव्हां माझ्या मुलानें सांगितलें कीं, आई माझी आहे, हा आठवडा माझा. त्यानें रजा घेतली आणि आईस न्हाणीघरापर्यंत नेण्याआणण्यापासून बर्फाच्या पिशवीपर्यंत सर्व केलें. तिसरा आठवडा आम्हां दोघां म्हाताऱ्या भावांनीं वांटून घेतला. शुश्रूषा हें स्त्रियांचें काम असें शास्त्रानें कोठें सांगितल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ तर 'ऐकण्याची इच्छा' एवढाच आहे, आणि ऐकण्यास कान सर्वांनाच आहेत.

आमच्या घरांत आठ माणसें होतीं म्हणून हें पार पडलें. ज्यांचीं मुलें दूरदेशीं आहेत आणि घरांत दोनच वृद्ध जीव आहेत, त्यांस चौथ्या दिवशीं घरीं सोडणें म्हणजे एका म्हाताऱ्यास दुसऱ्या म्हाताऱ्याच्या हवालीं करणें होय. डेन्मार्कची रीत यशस्वी झाली ती आधींच्या तयारीमुळें. आपल्याकडे दिवस कमी करण्याचा भाग लवकर उचलला गेला, तयारीचा भाग माझ्या पाहण्यांत तितक्या लवकर आलेला नाहीं. म्हणून अशा दांपत्यांनीं संकोच न करतां आधींच डॉक्टरांस आपली घरची स्थिति सांगावी, लागल्यास चार दिवस अधिक ठेवून घेण्यास विनवावें, किंवा पगारी मदतनीस आगाऊ ठरवून ठेवावा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनींही नुसत्या समाचारास येऊन चहा घेऊन जाण्यापेक्षां रोज संध्याकाळीं एक फेरी आपल्याकडे घ्यावी.

वाचकांच्या घरीं असा प्रसंग येणार असेल तर शस्त्रक्रियेची तारीख ठरेल त्याच दिवशीं सर्वांनीं एकत्र बसावें. खाट खालच्या मजल्यावर आणणें, शौचकूपांत कमोड व धरावयास कठडा बसविणें, पाय अडकतील अशा सतरंज्या व पायपुसणीं काढून टाकणें, हातांची उंच खुर्ची मिळविणें, हीं कामें आधींच उरकावीं. घोटे व मांडी यांचे व्यायाम रुग्णानें आधींच शिकून घ्यावे. दुखण्याच्या पहिल्या दिवसांत नवें शिकण्याचें त्राण नसतें. आणि कोणत्या आठवड्यांत कोण रजा घेणार, रात्रीं कोण उठणार, गोळ्यांची वही कोण ठेवणार, हें कागदावर लिहून त्याखालीं प्रत्येकाचें नांव घालावें. त्या कागदावर घरांतील पुरुषांचीं नांवें बायकांच्या नांवांइतकींच असावींत.